चाकावरची वेळ

प्लेझान्स विमानतळ, मॉरिशस
मंगळवार, पहाटे 5.30

ती. अप्पांस,


फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आईला बोलायला सुचत नाही, आणि सुजाता मध्ये उभी राहून ओरडून दमते. म्हणून लिहूनच पाठवतो. तिने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत छापून आणावे. पैसे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. वीजबिलाचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावू नये.

निघताना तुम्ही विचारले होते, अंतर किती, वेळ किती. मी म्हटले, मॉरिशस ते रॉड्रिग्ज सुमारे 600 किलोमीटर, वेळ दीड तास. त्यावर तुम्ही वेळांची लाल वही मिटलीत आणि म्हणालात, "ही कागदावरची वेळ. चाकावरची सांग." तर आजपासून चाकावरची. वाक्वाच्या खोलीवरून टॅक्सी 3.40 ला हलली, विमानतळावर 4.20. रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंना ऊस, थंडी आपल्याकडच्या पौषातल्या पहाटेइतकी. टॅक्सी त्याच आपल्या मराठी माणसाची, ज्यांच्याकडे मी आल्या दिवशी जेवलो. यांचे खापरपणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून उसाच्या मजुरीवर आले. गावाचे नाव कुणालाच माहीत नाही. आरत्या सगळ्या तोंडपाठ, पण "पाणी घ्या" हे मात्र क्रिओलमध्ये. गणपतीत हे लोक झाकरी नाचतात. मी म्हटले, आमच्याकडे जाखडी म्हणतात. तर म्हणाले, तुमचा उच्चार चुकतोय.

आता खरी गोष्ट. सामान. मुंबईहून इथे येताना कुणी पिशवीकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. इथे तिकिटावर 15 किलो. माझ्याकडे समुद्राच्या पाण्यातले मीठ काढणाऱ्या यंत्राच्या दोन मेम्ब्रेन, हत्यारे, चार दिवसांचे कपडे आणि आईचा डबा. काटा म्हणाला 19.4. काट्यापाशी बसलेले गृहस्थ काट्याचेच सख्खे भाऊ असावेत. जास्तीचे पैसे भरतो म्हटले, तर आज विमान भरलेले आहे, पैशाचा प्रश्न नाही, वजनाचा आहे. मग मी सगळ्यांसमोर पिशवी उघडून एकावर एक तीन शर्ट आणि वर स्वेटर चढवला. छत्री आणि बूट टॅक्सीत परत पाठवले. काटा आला 15.3 वर. 300 ग्रॅम! तुमच्या एसटी स्टँडवर आंब्याच्या पेट्या टपावर कशा चढत हे मी लहानपणी पाहिले आहे, त्यामुळे 300 ग्रॅमसाठी माणूस माणसाला अडवतो हे मला आधी कळलेच नाही. मी गृहस्थांकडे पाहिले, त्यांनी काट्याकडे पाहिले.

शेवटी स्टीलचा डबा बाहेर काढला. आई, तुझे बेसनाचे लाडू असे संपले: चार मी उभ्या उभ्या खाल्ले, पाच रांगेतल्या लोकांना वाटले, एक त्या गृहस्थांपुढे धरला. त्यांनी घेतला नाही. डबा टॅक्सीवाल्यांकडे आहे. परत आणीन, काळजी नको.

रांगेतल्या एका रॉड्रिग्जच्या म्हाताऱ्यांनी नंतर समजावले. तिथली धावपट्टी 1,300 मीटरलाही थोडी कमी. उतरता आले नाही तर जवळपास दुसरी पट्टी नाही, 600 किलोमीटर मागे इथेच यायचे. म्हणजे परतीचे इंधन पोटात घेऊनच निघायचे. इंधन जास्त, म्हणून माणूस आणि सामान कमी. हे तुम्हाला पटेल. मला पटायला दोन डोलपुऱ्या लागल्या. डोलपुरी म्हणजे आई, गुळाशिवायची पुरणपोळी समज, आत वाटाण्याची पिवळी डाळ, वर घेवड्याची रस्सा भाजी आणि मिरचीची चटणी, गुंडाळून कागदात. नेहमी जोडीनेच देतात, एक मागितली तर माणूस आजारी आहे का असे बघतात. काल रस्त्यावर खाल्लेली जोडी इथल्यापेक्षा स्वस्तही होती आणि बरीही. इथला रुपया आपल्या दोन रुपयांना थोडा कमी पडतो. मी दोननेच गुणतो, म्हणजे खर्च करताना हात आखडतो.

बोलावताहेत.


विमानात
सकाळी

अप्पा, हे फक्त आकडे. अक्षर हलते आहे, आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवर केकचा खोका आहे म्हणून कोपर आत घेऊन लिहितो आहे.

दार बंद 6.38. चाक हलले 6.44. जमीन सोडली 6.53.

विमान पंख्यांचे, एटीआर. पंख वर, माणसे खाली, त्यामुळे खिडकीतून सगळे दिसते. चढायचे मागच्या दाराने, सामान पुढे. दोन-दोनच्या ओळी, मधली वाट आपल्या निमआरामपेक्षा थोडी अरुंदच. चिनूला सांगा, पायलट दिसले नाहीत, पण त्यांचा चहा जाताना दिसला.

याचा वेग ताशी साधारण 500. म्हणजे 600 ला 72 मिनिटे. मग दीड तास कुठून? तुम्ही मार्गाची वेळ बसवताना स्टँडमधून बाहेर पडायला पाच, घाटाला वीस, असे धरत होतात ना, तसेच. जमिनीवर रांगायला, चढायला, उतरताना वळसा घ्यायला, सगळ्याला घाटच. वर गेल्यावर मात्र काही नाही. थांबा नाही, फाटा नाही, खाली एक बेट नाही की बोट नाही. इतका वेळ कंडक्टरला काम नाही असा मार्ग तुमच्या वहीत नसेल. इथल्या आणि आपल्या घड्याळातही दीड तासाचेच अंतर आहे. आत्ता तुमच्याकडे नऊ वाजून गेले. तुमची दुसरी गोळी झाली असेल. नसेल तर आधी ती घ्या.

टेकले 8.12. थांबले 8.16. चाकावर 92 मिनिटे, हवेत 79.

उतरताना आधी रंग दिसतो. बेटाभोवती प्रवाळाची कड आणि आत उथळ फिकट हिरवे पाणी, बेटाहून कितीतरी मोठे. मग एकदम माळ, गुरे, आणि पट्टी. शेजारच्या बाईंनी क्रॉस केला, केक धरला आणि डोळे मिटले. मीही मिटले. केक वाचला.


पोर्ट मॅथुरिन, रॉड्रिग्ज
बुधवार रात्र

ती. अप्पा, ती. सौ. आई,

खोलीवर मंगळवारी 9.40 ला पोहोचलो. म्हणजे दारापासून दारापर्यंत बरोबर 6 तास, त्यातला विमानाचा वाटा पावभर. लाल वहीत दोन्ही लिहा.

हे बेट लांबीला 18 किलोमीटर, रुंदीला आठाच्या आसपास. सगळे डोंगर-उतार, आणि सर्वांत उंच टेकडी 400 मीटरही नाही. तालुका संपतो न संपतो तोच समुद्र. 2002 पासून यांची स्वतःची प्रादेशिक सभा आहे, आणि मॉरिशसचा विषय निघाला की लोक "तिकडे" असे म्हणतात, आपण मुंबईला म्हणतो त्याच सुरात. पाण्याची रड आपल्या मे महिन्यासारखीच. घरागणिक छपराचे पाणी धरायची टाकी. म्हणून तर समुद्राचे पाणी गोडे करायची यंत्रे आणि म्हणून मी. यंत्राचे थोडक्यात सांगतो: मेम्ब्रेन ठीक बसल्या, पंप 60 बारला गळतो, जी सील हवी ती माझ्याकडे नाही, ती वाक्वाला कपाटात आहे. 30 ग्रॅमची वस्तू. तो काटेवाला आठवला.

आई, जेवण. इथे ऑक्टोपसची ख्याती. आपल्या म्हाकुळाचा मोठा भाऊ म्हण. बायका ओहोटीला गुडघाभर पाण्यात जाऊन टोकदार काठीने पकडतात आणि किनाऱ्यावर काठ्यांवर कपड्यांसारखे वाळत घालतात. काठ्या पाहिल्या. रिकाम्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर पकडायला बंदी, पिल्लांना वाढू द्यायचे म्हणून, 2012 पासून. आपल्याकडे जून-जुलैत होड्या ओढून ठेवतात तसेच. घरमालकीण इतक्या वेळा क्षमा मागत होती की मी तिला सांगितले, माझ्या आईला आनंद होईल, आमचा पक्षपंधरवडा चालू आहे. तिला वाटले मी आजारी आहे. मग रात्री मक्याचा भात (हो, भातच म्हणतात, मक्याच्या कण्या शिजवलेल्या), तांबडा राजमा, आणि लिंबाचे लोणचे. लोणच्याला ते अशार म्हणतात. अचारच तो, वाटेत थोडा झिजला. मिरच्या करंगळीच्या नखाएवढ्या. मी दोन घेतल्या आणि मग बराच वेळ बोललो नाही. शेवटी पपईचे गोड सारण घातलेला एक जाड पापुद्र्याचा केक. त्यात नारळाचाही मिळतो, तो थेट करंजीच्या चवीचा. दोन खाल्ले. तिसऱ्याच्या वेळी आपल्या माजघराची आठवण आली आणि पुढे गेला नाही.

वारा थांबत नाही. रात्रभर पत्रा वाजतो.

आज पहाटे उजेडाने जाग आली. घड्याळ मॉरिशसचेच, पण बेट पूर्वेला इतके पुढे की सूर्य मॉरिशसपेक्षा 23 मिनिटे आधी उगवतो. दुकाने मात्र तिकडच्याच वेळेला उघडतात. म्हणजे रोज 23 मिनिटे फुकट. तेवढ्यात मी नकाशा काढून बसलो आणि एक गंमत सापडली, ती तुमच्यासाठी. मॉरिशसहून देवरूख सरळ रेषेत साधारण साडेचार हजार किलोमीटर. रॉड्रिग्जहून सव्वाचार हजार. म्हणजे 600 किलोमीटर लांब येऊन मी घराच्या पावणेतीनशे किलोमीटर जवळ आलो आहे! पण इथून आपल्याकडे थेट काहीच नाही. आधी 600 मागे जायचे, मग मुंबईचे 4,700, मग ठाण्याहून आपली रात्रीची गाडी. जवळ आलो आणि घर एका दिवसाने लांब गेले. संगमेश्वर स्टेशनात उतरून मागच्या डोंगरापलीकडच्या गावाला जायला रत्नागिरीवरून फिरावे लागते, तसे. हे वहीत कुठल्या रकान्यात घालाल?

पूर्वी तर बोटच. तीही दीड दिवसाची. विमान 1972 मध्ये सुरू झाले, तेही पाच-सहा माणसांचे. ते लाडूवाले म्हातारे म्हणाले, बोटीतून यायचे तर सगळे हिरवे होऊन उतरायचे. मी त्यांना आजीची गोष्ट सांगितली, जयगडला बोट लागली म्हणून तिने परत मुंबईचे नाव काढले नाही ती.

इथला फिटर आज काम करताना आणखी एक सांगत होता. ऑगस्ट 1883 मध्ये इथल्या पोलीसप्रमुखाने, जेम्स वॉलिस त्याचे नाव, पूर्वेकडून तोफा डागल्यासारखे आवाज ऐकले आणि नोंद केली. जहाज संकटात असेल असे त्याला वाटले. तो क्राकाटोआचा ज्वालामुखी होता, 4,800 किलोमीटरवर. आवाजाला इथे यायला चार तास लागले. मी लगेच हिशेब केला: ताशी 1,200. आमच्या विमानाच्या दुपटीहून जास्त. त्या आवाजाला मॉरिशस गाठायला अर्धा तास पुरता, आणि सामानाचे वजनही नाही. इकडे सुजाताचा आवाज स्वयंपाकघरातून ओटीवर तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. कानाचे यंत्र लावा, अप्पा. डबीत ठेवून त्याची बॅटरी टिकते, पण उपयोग काय?

चिनूसाठी: कासवे पाहिली. मोठी आहेत.


पोर्ट मॅथुरिन
शुक्रवार

आज लिहायचा उत्साह नाही, तरी लिहितो, कारण काल मी वाक्वाला असायला हवा होतो आणि तुम्ही वही उघडून बसला असाल.

काल दुपारचे विमान होते. पाऊस नाही म्हणण्याइतका, पण ढग इतके खाली की माळावरची गुरे अर्धी दिसत होती. आम्ही चाळीसएक माणसे विमानतळावर, तीन शर्ट अंगावर (सवय लागली). आवाज आला. सगळे उठले. आवाज डोक्यावरून गेला, लांब गेला, परत आला. असे तीनदा. मग एकदा समुद्राच्या दिशेने गेला तो आलाच नाही. कुणी काही बोलले नाही. एक पोरगी येऊन म्हणाली, परत गेले.

म्हणजे त्या विमानातली माणसे मॉरिशसहून निघाली, तीन तासांहून जास्त उडाली, 1,200 किलोमीटर गेली, आणि मॉरिशसला उतरली. अंतर शून्य. कशेडीत दरड आली तेव्हा आपली मुंबई गाडी खेडहून फिरून पहाटे देवरूख स्टँडात परत लागली होती, आणि तुम्ही "पोहोच" या रकान्यात काय लिहायचे म्हणून डेपो मॅनेजरशी भांडला होतात. शेवटी काय लिहिलेत ते मला कधी सांगितले नाहीत.

आजही विमान नाही. उद्या आहे म्हणतात. पोरगी फार गोड, तिचा काही दोष नाही, ढगांचाही नाही. दोष द्यायला कुणी नसले की जास्त चिडचिड होते. मंगळवारचे ते गृहस्थ असते तर बरे झाले असते.

आज आजीचा म्हाळ. दरवर्षी पाने मी मांडतो. यंदा कोणी मांडली? काकडीची कोशिंबीर केली का, आणि कावळा लवकर शिवला का? मागच्या वर्षी दीड वाजवला होता. इथे कावळा दिसला नाही. मी घरमालकिणीकडून मक्याच्या भाताची मूद मागून घेतली आणि मागच्या भिंतीवर ठेवली. कोंबडा आला आणि खाऊन गेला. भटजींना विचारू नका.


पोर्ट मॅथुरिन
शनिवार, सकाळ

बाजार पहाटेच भरतो आणि नऊ-दहाला उठतो. आठला गेलो तर निम्मा उठला होता. आईसाठी लिंबाच्या लोणच्याची एक आणि मिरचीची एक बाटली घेतली. काचेच्या आहेत, 700 ग्रॅम भरल्या, दोन्ही मिळून. म्हणून एक पाना इथे फिटरला देऊन टाकला. चांगला पाना होता. इथला मधही नावाजलेला आहे, पण बाटली हातात घेतल्यावर काटा डोळ्यांसमोर आला. ठेवून दिली. आता पस्तावतो आहे.

आकाश उघडे आहे. निघतो.


वाक्वा
शनिवार, रात्री उशिरा

अप्पा, घ्या.

रॉड्रिग्जची खोली सोडली 12.50. चाक हलले 3.05. जमीन सोडली 3.11. टेकले 4.29. थांबले 4.35. चाकावर 90, हवेत 78. टॅक्सी मिळून खोलीवर 6.10. दारापासून दारापर्यंत 5 तास 20 मिनिटे. गुरुवारपासूनचे धरले तर वेगळे. ते धरायचे की नाही हे तुम्ही ठरवा.

डबा मिळाला. टॅक्सीवाल्यांच्या बायकोने रिकामा देऊ नये म्हणून त्यात काहीतरी गोड भरून दिले आहे. त्याला त्या खीर म्हणतात, पण सुरीने कापावी लागते. छत्रीही मिळाली. सील कपाटात होती, जिथे म्हटले होते तिथेच. ती घेऊन आता पुन्हा रॉड्रिग्जला जायचे आहे, पुढच्या मंगळवारी. पंप तसाच गळतो आहे.

तेव्हा वहीत त्या ओळीखाली जागा ठेवा. आणि म्हाळाचे कुणीतरी सविस्तर लिहून पाठवा, फोनवर नको.

तुमचा,
दिलीप

ता. क. सुजाता, मिरचीची बाटली फुटली. लोणच्याची आहे. आईला आधी सांगू नकोस, तीन शर्टांपैकी वरचा शर्ट धुवायला टाकल्यावर तिला कळेलच.